पत्ता-रूपांतर तक्ता

कंपाइल आणि लिंक होऊन तयार झालेल्या एक्झिक्युटेबल फाइलीतल्या आज्ञा नंतर हलवल्या, वाढवल्या किंवा वगळल्या, तर नव्या फाइलीतला कोणता पत्ता मूळ फाइलीतल्या कोणत्या पत्त्याशी जुळतो हे सांगणारी नोंद. फाइल बदलणारे साधनच हा तक्ता तयार करते आणि नव्या फाइलीत किंवा तिच्या जोडीच्या डीबग-फाइलीत ठेवते. आभासी स्मृतीतला पत्ता रॅममधल्या प्रत्यक्ष पत्त्यात बदलणारे पेज टेबल हा वेगळा विषय आहे.

रायगड किनाऱ्यावरच्या गावात एखाद्या सर्व्हे नंबरचे पोटहिस्से पडले, की कोणत्या जुन्या नंबराचे कोणते नवे हिस्से झाले हे आकारफोड पत्रकावरून कळते आणि जुना दस्त आजच्या सातबाऱ्याशी जुळवता येतो. बदललेल्या प्रोग्रामसाठी हेच काम पत्ता-रूपांतर तक्ता करतो.

गरज : प्रोग्राम कोसळला की क्रॅश अहवालात फक्त पत्ते येतात. वेळ कुठे खर्च होतो हे मोजणारा प्रोफाइलरही पत्तेच टिपतो. त्यांवरून फंक्शनचे नाव आणि सोर्स कोडची ओळ काढायची, तर डीबग-माहिती लागते. पण ती मूळ फाइलीच्या पत्त्यांवर बेतलेली असते. फाइलीची मांडणी बदलल्यावर तीच माहिती तशीच वापरली, तर भलत्याच फंक्शनवर ठपका येतो.

पुनर्स्थापनाशी संबंध : मुंबईच्या आयआयटीतील माजी प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांच्या सिस्टिम्स प्रोग्रामिंगवरील पाठ्यपुस्तकात प्रोग्रामचे तीन आरंभपत्ते वेगळे केले आहेत : भाषांतराच्या वेळचा, लिंकिंगच्या वेळचा आणि स्मृतीत चढवतानाचा. पहिल्या दोहोंतील फरक म्हणजे पुनर्स्थापन-गुणक (रिलोकेशन फॅक्टर). संपूर्ण प्रोग्राम एकाच अंतराने सरकत असल्याने ही एक संख्या पुरते; ती कुठे मिळवायची एवढे सांगणारी पुनर्स्थापन-यादी सोबत लागते. वेगवेगळे भाग वेगवेगळ्या अंतराने सरकले, की एका संख्येने भागत नाही. उदाहरणार्थ, पुण्याच्या केपीआयटी कंपनीने रेनेसास कंपनीच्या एसएच आणि एच८ प्रोसेसरांसाठी जीएनयू साधनसंच तयार करून दिला. या प्रोसेसरांसाठी जीएनयू लिंकर लांब उड्यांच्या जागी आखूड उड्या घालू शकतो. अशी प्रत्येक काटछाट झाली की तिच्या पुढचा कोड मागे सरकतो. पुनर्स्थापन-यादी त्या वेळी लिंकरच्या हाती असल्याने तो पत्ते लगेच दुरुस्त करतो. लिंकिंगनंतर ही यादी सहसा टाकून दिली जाते; म्हणून त्यापुढे बदल करणाऱ्या साधनाला स्वतःची नोंद ठेवावी लागते.

रचना : तक्त्यात नव्या पत्त्यांच्या चढत्या क्रमाने जोड्या असतात : नवा पत्ता आणि त्याचा मूळ पत्ता. दिलेल्या पत्त्याएवढी किंवा त्याहून लहान असलेली सर्वांत मोठी नोंद द्विभाजन पद्धतीने शोधतात आणि उरलेले अंतर मूळ पत्त्यात मिळवतात. उदाहरणार्थ, १०२० वरचा क्वचित चालणारा तुकडा ९००० वर हलवला असेल, तर ९००८ म्हणजे मूळ १०२८. तुकड्याच्या आत भर पडली असेल, तर त्या जागी नवी नोंद लागते. मूळ पत्त्यावरून नवा पत्ता शोधायचा असेल, तर दुसरा, उलट दिशेचा तक्ता ठेवतात.

इतिहास : १९९४ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या अमिताभ श्रीवास्तव आणि ॲलन युस्टेस यांनी ॲटम हे साधन मांडले. प्रोग्राममध्ये मोजमापाचा कोड घुसवूनही ॲटम विश्लेषकाला मूळ पत्तेच दाखवत असे. मायक्रोसॉफ्टच्या पीडीबी डीबग-फाइलीत ओमॅप नावाचे तक्ते असू शकतात. त्यांच्या प्रत्येक नोंदीत दोन सापेक्ष पत्ते असतात. दुसरा शून्य असल्यास त्या कोडला जुळणारी जागा नाही असे समजायचे.

बोल्ट : फेसबुकच्या मॅक्सिम पांचेन्को आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या बायनरी (एक्झिक्युटेबल फाइल) सुधारणाऱ्या साधनावर निबंध प्रसिद्ध केला. प्रोफाइलवरून फंक्शनांचा क्रम लावून आणि लिंकिंगवेळची सुधारणा करून झाल्यावरही फेसबुकच्या डेटा सेंटरमधील प्रोग्राम ७ टक्क्यांपर्यंत वेगवान झाल्याचे त्यात नमूद आहे. २०२२ मध्ये बोल्ट एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पात सामील झाला. प्रत्यक्ष वापरात मिळालेल्या प्रोफाइलवरून तो नेहमी चालणारा कोड एकत्र आणतो आणि क्वचित चालणारा दूर ठेवतो. अडचण पुढच्या आवृत्तीच्या वेळी येते : सर्व्हरवर बदललेली बायनरी चालत असते, तर बोल्टला मूळ मांडणीचे प्रोफाइल हवे असते. त्यासाठी पर्याय दिल्यास बोल्ट बदललेल्या फाइलीच्या एका वेगळ्या विभागात पत्ता-रूपांतर तक्ता लिहितो. चालणारा प्रोग्राम हा तक्ता वाचत नाही; टिपलेले नमुने मूळ पत्त्यांवर आणणारे साधन तो वाचते. त्यामुळे नमुने घेण्यासाठी मूळ, संथ बायनरी सर्व्हरवर ठेवावी लागत नाही. तक्ता लहान राहावा म्हणून प्रत्येक आज्ञेची नोंद होत नाही. बेसिक ब्लॉकांचे (मध्ये उडी नसलेल्या सलग तुकड्यांचे) आरंभ आणि उड्या घेणाऱ्या आज्ञा पुरतात. लागोपाठच्या नोंदींमधला फरकच कमीजास्त लांबीच्या अंकरूपात साठवतात. फंक्शनचा दूर ठेवलेला भाग आपल्या मुख्य भागाकडे निर्देश करतो.

मर्यादा : एकाच कोडच्या अनेक प्रती झाल्या, तर नव्यावरून जुना पत्ता नेमका मिळतो, पण जुन्यावरून नवे अनेक निघतात; त्यामुळे डीबगरला त्या सर्वांवर थांबे लावावे लागतात. नव्याने घुसवलेल्या कोडला मूळ पत्ता नसतो आणि वगळलेल्या कोडला नवा. तक्ता ज्या फाइलीचा असेल तिलाच लागू पडतो, म्हणून बिल्ड-आयडी (फाइलीची ओळख-खूण) जुळते की नाही हे आधी पाहणे आवश्यक असते. अपवाद-हाताळणीचे तक्ते मात्र प्रोग्राम चालतानाच वापरले जातात. सी++ मध्ये अपवाद फेकला गेला की ते वाचूनच वाट काढली जाते. तेव्हा पत्त्यांचा मेळ नुसता नोंदवून चालत नाही. फाइल बदलतानाच ते तक्ते नव्या पत्त्यांनी पुन्हा लिहावे लागतात.