बंद दारे आणि वाहती नदी

एखाद्या गावाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य सामान्यतः प्रथम देवळे, गढ्या व शिलालेख यांकडे वळतो. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस या गावाविषयी लिहिताना आम्ही मात्र तेथील मद्यगृहांच्या व खानावळींच्या दारांपाशी थांबण्याचे योजिले आहे. विषय क्षुद्र आहे, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या गावाचा संसार खाणीच्या व कारखान्याच्या मजुरीवर चालतो, तेथे पगाराचा पैसा घराकडे कोणत्या वाटेने जातो, हा प्रश्न क्षुद्र खचित नव्हे. ही दारे २०१५ साली सरकारी आज्ञेने बंद झाली व २०२१ साली सरकारी आज्ञेनेच पुन्हा उघडली. या सहा वर्षांचा हिशेब नीट मांडावयाचा तर थोडे मागे गेले पाहिजे.

नागपूरचे राज्य खालसा होऊन १८५४ साली चांदा जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला, तेव्हा या जंगली मुलखात दारू ही विकत घेण्याची वस्तू फारशी नव्हती. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळत. ती वेचून, वाळवून, आंबवून घरोघर दारू काढली जाई. गोंडांच्या देवकार्यात, लग्नात व मर्तिकात तिचे स्थान ठरलेले होते. इंग्रजी राज्याने तीवर कर बसविला, गाळण्याचा व विकण्याचा मक्ता लिलावाने दिला, आणि घरच्या भट्टीस गुन्हा ठरविले. येणेप्रमाणे देवापुढची धार गुत्त्यात आली आणि गुत्त्याचे उत्पन्न सरकारी तिजोरीत जाऊ लागले. त्याच काळात जिल्ह्यात कोळसा निघू लागला. वरोऱ्याची खाण १८७१ साली सुरू झाली. ती १९०६ साली बंद पडली, तरी वर्धा नदीच्या खोऱ्यात इतरत्र खाणी वाढतच गेल्या. घुग्घुस हे अशाच खाणींचे गाव. तेलंगण, छत्तीसगड व उत्तर हिंदुस्थानातून मजूर येथे आले. पुढे सिमेंटचा व लोखंडाचा कारखाना निघाला. घरदार दूर टाकून आलेल्या एकट्या पुरुषास संध्याकाळी दोन घास व चार माणसे जेथे मिळत, ते ठिकाण म्हणजे खानावळ. आणि खानावळीच्या शेजारीच गुत्ता.

या व्यवस्थेविरुद्ध आपल्याकडे प्रथमपासून आवाज उठला. पुणे नगरपालिकेचे सभासद असता जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी हरकत घेतली. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने स्वयंसेवक पुण्यातील दुकानांपुढे उभे राहिले. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ पासून बंदी आली. आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यास परवाना घेणे भाग पाडले. आजही आमच्या गावोगावच्या पाट्यांवर 'परमिट रूम' हे शब्द दिसतात, ते त्या कायद्याचेच अवशेष होत. ज्या कायद्याचा हेतू दार बंद करण्याचा, त्याचेच नाव उघड्या दारावर लटकावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा!

चंद्रपूरच्या बंदीचे वैशिष्ट्य असे की, तिची मागणी मजुरांच्या व शेतकऱ्यांच्या बायकांनी केली. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ सालापासून बंदी होती. डिसेंबर २०१० मध्ये 'श्रमिक एल्गार' या संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. १९४२ च्या उठावाने प्रसिद्ध झालेल्या गावातून हा दुसरा मोर्चा निघाला, आणि त्याचे शस्त्र म्हणजे झिजलेल्या चपला. पुढे मंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. शेकडो ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. आणि जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेऊन १ एप्रिलपासून जिल्ह्यातील सर्व परवाने थांबविले.

घुग्घुसमध्येही त्या दिवशी दारे लागली. पण दुकानाबरोबर काय काय बंद होते, याची यादी सहसा कोणी करीत नाही. मद्यगृहाच्या आधारावर चालणारी खानावळ, तिचा आचारी, ताटे वाढणारी व भांडी घासणारी पोरे, दाराशी चणे-फुटाणे विकणारा, यांची नावे कोणत्याही परवान्यावर नसतात. म्हणून ती कोणत्याही अहवालात येत नाहीत. शिवाय घुग्घुसची गोष्ट अशी की, गावाच्या कुशीतून वर्धा नदी वाहते आणि पैलतीरी यवतमाळ जिल्ह्याचा वणी तालुका लागतो. तेथे बंदी नव्हती. कायद्याची हद्द नदीच्या पात्राशी संपे. तहान मात्र तेथे संपत नसे. ज्याच्यापाशी वाहन होते तो पूल ओलांडून जाई. ज्याच्यापाशी नव्हते त्याला चोरून आलेली बाटली चढ्या दराने घ्यावी लागे. या चोरट्या व्यापाराने भयंकर रूपही धारण केले. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीडनजीक दारू नेणाऱ्या गाडीने एका पोलीस उपनिरीक्षकास चिरडून ठार केले. अखेर रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठविली. अवैध व बनावट दारू, वाढते गुन्हे आणि स्त्रियांचा व मुलांचा चोरट्या व्यापारात होणारा वापर, ही कारणे सरकारने दिली. जुलैच्या आरंभी दारे पुन्हा उघडली.

यावरून बंदी फसली, सबब मागणीच खोटी होती, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तो मान्य नाही. चिमूरहून चालत गेलेल्या स्त्रियांनी दार बंद करा असे म्हटले खरे. परंतु त्यांस हवे होते ते, पगाराचा पैसा वाटेत न गळता चुलीपर्यंत यावा, हे. सरकारने त्यांच्या मागणीतील सोपा भाग तेवढा घेतला. कुलूप घालणे एका आदेशाचे काम आहे. पगार घरात पोहोचविणे, थकल्या मजुरास संध्याकाळी बसावयास दुसरी जागा देणे, व्यसनात सापडलेल्यास औषधोपचार मिळवून देणे, हे वर्षानुवर्षांचे काम आहे. आणि दुकान उघडताना तर तोही विचार कोणी केला नाही, तिजोरीचा केला.

राज्यात एक नियम मात्र आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. गावातील वा प्रभागातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी 'आडव्या बाटली'स मत दिले, तर तेथील दुकान बंद करावे लागते. येथे निदान ज्या घरात नुकसान होते, त्या घरातील माणसाच्या हाती निर्णय येतो. जिल्ह्याच्या नकाशावर ओढलेली रेघ नदी पुसून टाकते. शेजारणींनी मिळून ओढलेली रेघ सांभाळावयास त्या स्वतःच दाराशी असतात. घुग्घुसचा इतिहास पुढे जो कोणी लिहील, त्याने दारे किती वेळा उघडली व मिटली हे खुशाल मोजावे. परंतु पगाराच्या संध्याकाळी चूल किती घरांत वेळेवर पेटली, हेही त्याने त्या घरांत जाऊन विचारावे.