निद्राळू उंदरांची साक्ष

उंदीर म्हटला कीं आमच्या सातारा जिल्ह्यांतील उंब्रजसारख्या गांवीं जुन्या प्लेगच्या गोष्टी निघतात. घरांत उंदीर मेला कीं माणसें गांव सोडून रानांत झोंपड्या बांधीत. परंतु त्याच प्राण्यानें अलीकडे एका जुन्या अन्यायाचा उलगडा करण्यास हातभार लावला आहे. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

दिवसां बोलतां बोलतां, जेवतां जेवतां अनिवार झोंप यावी. हंसूं आलें कीं माणूस शुद्धीवर असतांच गुडघे ढिले पडून खालीं कोसळावा, असा एक विकार आहे. १८८० सालीं जेलिनो या फ्रेंच वैद्यानें त्यास नार्कोलेप्सी हें नांव दिलें. नांव मिळालें, पण कारण सांपडलें नाहीं. अशा माणसास लोक कुंभकर्ण म्हणत. मुलास शाळेंत छडी मिळे.

१९९८ सालीं अमेरिकेंतील दोन संशोधकमंडळांस मेंदूच्या तळाशीं तयार होणारें एक द्रव्य स्वतंत्रपणें सांपडलें. एकानें त्यास ओरेक्सिन म्हटलें, दुसऱ्यानें हायपोक्रेटिन. त्याचा संबंध भुकेशीं असावा, असा तर्क होता. टेक्सासमध्यें डॉ. मासाशी यानागिसावा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें द्रव्य जन्मतःच नसलेले उंदीर निपजविले. उंदीर हा रात्रीं जागणारा प्राणी. म्हणून अंधारांत टिपणाऱ्या कॅमेऱ्यानें त्यांचें चित्रण केलें. तों काय, धांवता उंदीर एकाएकीं लुळा पडे आणि थोड्या वेळानें उठून पुन्हां धांवूं लागे! प्रथम अपस्माराची शंका आली. परंतु मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख पाहतां तो जागेपणांतून थेट स्वप्नावस्थेंत उतरत होता. त्याच १९९९ सालीं स्टॅनफर्ड येथें डॉ. मिन्यो यांना अशाच आजारी कुत्र्यांत या द्रव्याचा संदेश घेणारी जागाच सदोष आढळली.

मग माणसांकडे लक्ष वळलें. २००० सालीं मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हां हें द्रव्य करणाऱ्या पेशी शेंकडा ८५ ते ९५ नाहींशा झालेल्या दिसल्या. माणसांत हा दोष बहुधा मागाहून येतो. शरीराची संरक्षक शक्तीच त्या पेशींवर उलटते, असा तज्ज्ञांचा प्रबळ तर्क आहे. म्हणून २००१ सालीं, जन्मानंतर ह्या पेशी मरतील असे उंदीर तयार करण्यांत आले. २०१७ सालीं जपानांतील त्सुकुबा विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्या द्रव्याचें काम करणारें औषध निद्राळू उंदरांस दिलें, तेव्हां त्यांची जाग टिकली व कोसळणें कमी झालें.

वर्गांत डुलकी घेणारें प्रत्येक मूल रोगी नसतें. परंतु पुरेशी झोंप मिळूनहि जें वारंवार झोंपतें, हंसतांना लुळें पडतें, त्यास छडी दाखविण्यापूर्वीं डॉक्टरांकडे न्यावें. मुक्या उंदरांनीं दिलेली साक्ष पालकांनीं व शिक्षकांनीं ऐकावी, एवढीच विनंति.