बिजवराची गोष्ट आणि तिचा प्रेक्षक

अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे. पानमळ्यांच्या आणि देवनाथ मठाच्या या वऱ्हाडी गावात लग्ने कशी जुळत आणि एक जोडीदार गेल्यावर ती पुन्हा कशी लागत, याची नोंद तहनाम्यात असण्याचे अर्थातच कारण नाही. ती शोधायची तर रूढींची वर्णने, नाटके, चित्रपट आणि प्रेक्षागृहातले हसू यांच्याकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखात त्यातला एकच धागा हाती घेतला आहे. पत्नी वारलेला, घरात मुले असलेला पुरुष पुन्हा लग्नाला उभा राहतो, तेव्हा मराठी प्रेक्षक त्याला हसतो, त्याच्यावर चिडतो की त्याच्या बाजूने होतो? आणि हे ठरते कशावरून?

आरंभ भाषेपासूनच करू. 'विधुर' हा शब्द ग्रंथातला. बोलण्यातला शब्द 'बिजवर'. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणारा तो बिजवर, तिसऱ्यांदा चढणारा तिजवर. म्हणजे पत्नी गेल्यावरही भाषेच्या लेखी पुरुष 'वर'च राहतो. स्त्रीच्या बाबतीत असे घडत नाही. ब्राह्मणादी उच्चवर्णीयांत तिचे पुन्हा लग्न निषिद्ध होते. वऱ्हाडातल्या कुणब्यांत आणि इतर अनेक जातींत ते सर्रास होत असे, परंतु त्याला 'लग्न' न म्हणता 'पाट' किंवा 'मोहतर' म्हणत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्यप्रांत-वऱ्हाडातील या रूढींची वर्णने आहेत. पाट रात्री, फारसा गाजावाजा न करता लागे. अविवाहित पुरुषाने विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचे रुईशी किंवा अंगठीशी लग्न लावीत, म्हणजे त्याचे 'पहिले' लग्न विधवेशी झाले असे होत नसे. पुनर्विवाहाची मुभा होती, प्रतिष्ठा मात्र दोघांना सारखी नव्हती. पुढच्या नाटक-चित्रपटांचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवायला हवा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न रंगभूमीच्या आधी सुधारकांच्या घरात उभा राहिला. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांची पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. वीस वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, धोंडो केशव कर्वे या दुसऱ्या विधुराने शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केले. कर्वे तर पिताही होते. त्यांचा मुलगा रघुनाथ तेव्हा लहान होता. त्यांना मुरुडमध्ये बहिष्कार सोसावा लागला. एकाने रूढी पाळली म्हणून सुधारक नाराज झाले, दुसऱ्याने ती मोडली म्हणून गाव नाराज झाले. विधुराच्या लग्नाबद्दल समाजाला 'मत' असते ते असे. ते त्या पुरुषापेक्षा त्याच्या शेजारी बसलेल्या स्त्रीविषयी अधिक असते.

या पार्श्वभूमीवर गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' पाहावे. किर्लोस्कर नाटक मंडळीने ते १८९९ साली इंदूरला रंगभूमीवर आणले. धनाढ्य वृद्ध भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी विकायला निघालेला कांचनभट, मध्यस्थ भद्रेश्वर आणि या सर्वांच्या व्यवहारात सापडलेली शारदा. रचना सुखात्मिकेची आहे. तरुण कोदंड आहे, म्हातारा प्रतिस्पर्धी आहे, सगोत्रतेच्या कारणाने ऐन वेळी मोडणारे लग्न आहे आणि अखेरीस योग्य जोडीचे मीलन आहे. भुजंगनाथाच्या वयाची थट्टा करणारी पदे लोकांच्या तोंडी बसली. मतप्रदर्शनाची यापेक्षा मोठी साक्ष कोणती? १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला तो अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला गेला, पण मराठी कानांनी 'सारडा'चे 'शारदा' केले, आणि कायदा नाटकाच्या नायिकेवरूनच आला असा समज कित्येकांच्या मनात घर करून राहिला. कायद्याचा इतिहास म्हणून हा समज चुकीचा, पण प्रेक्षकांच्या मनाचा इतिहास म्हणून तो बोलका आहे.

तरीही या हसण्याची मर्यादा पाहिली पाहिजे. प्रेक्षक हसतो तो भुजंगनाथाच्या वयाला. प्रौढ विधुराने समवयस्क विधवेचा हात मागितला असता तर काय, हा प्रश्न त्या नाटकात उद्भवतच नाही. म्हाताऱ्याची फजिती झाली की लग्नसंस्था निर्दोष सुटते. विधवेच्या विवाहाची बाजू मांडायला दुसरे नाटक लागले. त्यांपैकी एक श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'मतिविकार'. कोल्हटकर बुलढाण्यात वाढले, आणि अकोला, खामगाव, जळगाव जामोद येथे त्यांनी वकिली केली. वऱ्हाडच्या या विनोदकाराने विधवाविवाहाचा प्रश्न रंगभूमीवर आणला, तरी 'मतिविकार'ला 'शारदे'सारखी लोकप्रियता मिळाली नाही. बिजवराला हसणे प्रेक्षकांना जितके सोपे गेले, तितके विधवेच्या सुखात रमणे सोपे गेले नाही.

येथे वऱ्हाडी गावातला प्रेक्षक डोळ्यांपुढे आणावा. ज्याच्या स्वतःच्या घरात एखादी आत्या किंवा चुलती पाटाने नांदत होती, त्याला विधवेचे लग्न हा धर्मसंकटाचा विषय वाटण्याचे कारण नव्हते. भुजंगनाथ त्यालाही हास्यास्पद वाटला असेल, पण शास्त्रार्थाने सुटणारा पेच त्याला परका वाटला असणार. मराठी रंगभूमीच्या इतिहासात 'प्रेक्षक' म्हणून जो गृहीत धरला जातो तो बहुधा पुण्या-मुंबईचा पांढरपेशा असतो, आणि वऱ्हाडच्या पाटाची रूढी त्या गृहीताला छेद देते.

'शारदे'त वृद्ध वर आणि बाप ही दोन वेगळी पात्रे आहेत. १९३७ साली प्रभातच्या 'कुंकू'मध्ये ती एका माणसात येतात. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेल्या या चित्रपटात केशवराव दात्यांचे काकासाहेब हे वयस्क वकील आहेत, विधुर आहेत, आणि मोठ्या मुला-मुलीचे वडीलही आहेत. शांता आपट्यांची नीरा फसवून लावलेले हे लग्न मानायला नकार देते. येथे फजितीची सोय उरत नाही, कारण बापाच्या लग्नाचा हिशेब त्याची मुले समोर उभी राहून मागतात. समाजकार्य करणारी मुलगी सावत्र आईच्या बाजूने उभी राहते, तर मुलगा तिच्याकडे वाईट नजरेने पाहतो. काकासाहेबांना आपला अन्याय उमगतो आणि ते जीवन संपवतात. त्यांच्याविषयी दया वाटते, पण प्रेक्षक त्यांच्या बाजूने होत नाही. शांतारामांचे खरे यश हेच, की विधुराला माणूस करूनही त्यांनी त्याला निर्दोष ठरवले नाही. मात्र किंमत ध्यानात घ्यावी: नीरेला मोकळे करायला काकासाहेबांना मरावे लागते.

विधुर पित्याची गोष्ट आनंदाने शेवटाला जायची तर काय बदलावे लागते, याचे उत्तर महाराष्ट्रातही पाहिल्या गेलेल्या बासू चटर्जींच्या 'खट्टा मीठा' (१९७८) या हिंदी चित्रपटात मिळते. चार मुलांचा पारशी बाप आणि तीन मुलांची विधवा आई एकमेकांच्या सोबतीसाठी लग्न करतात. वयातले अंतर गेले, मध्यस्थाचा पैसा गेला, दोघांची संमती आली, आणि आता विनोद मुलांच्या रुसव्या-फुगव्यांवर उभा राहतो. झी मराठीवरील 'अग्गंबाई सासूबाई' (२०१९) या मालिकेत केंद्रस्थानी विधुराऐवजी विधवा सासू आली. लग्नाला विरोध तिच्या मुलाचा आणि पाठिंबा सुनेचा. दूरचित्रवाणीच्या कौटुंबिक प्रेक्षकांपुढे विधवेचे प्रेम हलक्याफुलक्या गोष्टीचा विषय झाले ते असे. 'शारदे'नंतर त्याला एकशेवीस वर्षे लागली.

या साऱ्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. विधुर पुन्हा प्रेमात पडतो, एवढ्यावरून मराठी प्रेक्षकाने त्याला कधी दोषी धरलेले नाही. ती मुभा भाषेने त्याला 'बिजवर' या शब्दातच देऊन ठेवली होती. प्रेक्षकाचे मत बदलत गेले ते समोरच्या स्त्रीला 'नाही' म्हणता येते का, यावर. शारदेला ते म्हणता आले नाही, म्हणून विनोद म्हाताऱ्यावर उलटला. नीरेने ते म्हटले, म्हणून विनोद थांबला. जिथे 'नाही' म्हणण्याचा अधिकार आधीच मान्य आहे, तिथेच तिच्या 'हो'ला गोडी आली. 'शारदा' वर्गात शिकवताना आपण पदांचे लालित्य आणि सुधारणेचा संदेश सांगतो. त्यासोबत विद्यार्थ्यांना आणखी एक काम द्यावे: आपल्या गावातल्या जुन्या माणसांना 'पाट' आणि 'बिजवर' या शब्दांचा अर्थ विचारून यावे. रंगमंचावर जो प्रश्न सुटला असे आपण मानतो, तो घरात किती सुटला आहे, हे त्यांच्या उत्तरांतल्या स्वरावरून कळेल.