घोडी कुणाची, वळू कुणाचा?

 

आज मी घोड्यांवर बोलणार आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने घोड्यांवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण विषय घोड्यांचा असला तरी माझा प्रश्न जुनाच आहे. एखादी गोष्ट 'सुधारली' असं आपण म्हणतो, तेव्हा ती कुणासाठी सुधारली?

सुरुवात हिंगोलीपासूनच करू. या गावात रिसाला बाजार आहे, पलटण आहे, तोफखाना आहे, पेन्शनपुरा आहे, सदर बाजार आहे. आपण रोज ही नावं घेतो, पण ती आली कुठून हे विचारत नाही. ही छावणीची नावं आहेत. रिसाला म्हणजे घोडदळ. हैदराबाद कंटिंजंट नावाची एक फौज होती. नाव निजामाचं, पैसा निजामाचा, अधिकारी मात्र इंग्रज. १८५३ च्या तहात ठरलं की या फौजेत किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने असावेत, आणि तिच्या खर्चासाठी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा. या फौजेचं एक ठाणं आपलं हिंगोली. १९०२ मध्ये कर्झनने निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा इंग्रजांकडे गेला, १९०३ मध्ये कंटिंजंट वेगळी फौज म्हणून उरली नाही आणि हिंगोलीची छावणीही उठली. घोडे गेले, नावं राहिली.

आता हे घोडदळ कोणत्या पद्धतीचं होतं? शिलेदारी. हा शब्द आपल्याला मराठेशाहीपासून ओळखीचा. बारगिराला घोडा पागेतून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा. इंग्रजांनी ही पद्धत उचलली आणि आपल्या नियमांत बसवली. स्वाराने घोडा आणायचा, त्याचा दाणा-वैरण, खोगीर, नाल सगळं पगारातून भागवायचं. सरकारचा खर्च वाचला. पण यातून एक गोष्ट घडली, ती महत्त्वाची आहे. घोडा विकत घेणारा माणूस शेतकऱ्याच्या ओळखीचा होता. त्याच मुलखातला, तीच भाषा बोलणारा. त्याला परवडेल, इथल्या कडब्यावर तगेल, उन्हात मरणार नाही असा घोडा हवा होता. तसा घोडा दख्खनमध्ये मिळत होता. भीमेच्या काठचा तो भीमथडी. अरबी घोडे दाभोळ, चौल, गोवा या बंदरांतून शतकानुशतकं उतरत होते. त्यांचं रक्त आणि इथल्या तट्टांचं रक्त मिसळून तो तयार झाला असं मानतात. बुटका, काटक, डोंगर चढणारा.

मग अडचण कुठे आली? इंग्रजांच्या स्वतःच्या घोडदळाला आणि तोफखान्याला हा घोडा लहान पडायचा. गोरा सैनिक वजनाने जड, त्यात सामान जड. म्हणून कंपनी सरकारने अठराव्या शतकाच्या शेवटी बिहारात पुसा इथे घोडपैदास सुरू केली. शेतकऱ्यांना घोड्या द्यायच्या, सरकारी वळू लावायचे आणि होणारी शिंगरं ठरलेल्या भावाने परत घ्यायची. १८०८ पासून या खात्यावर विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा पशुवैद्य होता. हुशार आणि हट्टी माणूस. घोड्यांसाठी त्याने तिथे ओट पिकवला. चांगले वळू इथे मिळत नाहीत, ते बुखाऱ्यालाच मिळतील असं त्याने मनाशी धरलं आणि १८१९ मध्ये निघाला. लडाख, काश्मीर, काबूल करत बुखाऱ्याला पोचला आणि १८२५ मध्ये परतीच्या वाटेवर अफगाण मुलखात वारला. ज्या वळूंसाठी गेला ते काही आले नाहीत.

आपल्याकडेही तसाच प्रयत्न झाला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात आलेगाव पागा म्हणून गाव आहे. कंपनीने तिथे घोडपैदास चालवली, पुढे बंद केली. नावात पागा राहिली.

१८७० च्या दशकात सरकारने बंगालची ती मोठी पैदास मोडीत काढली आणि दुसरी तऱ्हा धरली. वळू जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवायचे. इंग्लिश थरोब्रेड, नॉरफोक ट्रॉटर, अरबी. शेतकऱ्याने आपली घोडी आणायची, अधिकाऱ्याने तपासायची, पसंत पडली तर तिला डाग द्यायचा. डाग दिलेल्या घोडीला वळू फुकट. प्रदर्शनं भरायची, चांगल्या शिंगराला बक्षीस. दख्खनमध्ये पुणे, नगर भागात हे चाललं. इकडे निजाम सरकारनेही अरबी वळू ठेवून आपल्या मुलखातली पैदास सुधारण्याचा प्रयत्न केला.

फुकट वळू! यापेक्षा काय हवं? आणि तरीही कारभाऱ्यांचं रडगाणं तेच. रयत उदासीन आहे, घोड्या आणत नाही, शिंगरांना नीट खाऊ घालत नाही, चांगली घोडी विकून टाकते. थोडक्यात, शेतकरी अडाणी आहे.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. फार वर्षांपूर्वी, मी तरुण प्राध्यापक असताना, एका गावात व्याख्यान दिलं होतं. त्यात मी हेच वाक्य मोठ्या रुबाबात वापरलं. ग्रामीण समाज सुधारणेला प्रतिसाद देत नाही वगैरे. उदाहरण म्हणून हे फुकटचे वळू सांगितले. व्याख्यान संपल्यावर एक म्हातारे शेतकरी जवळ आले. म्हणाले, ''सर, वळू फुकट होता म्हणता. घोडी अकरा महिने गाभण राहते. मग शिंगरू चार वर्षांचं होईस्तोवर कामाचं नाही. इतके दिस त्याला कोण खाऊ घालायचं, सरकार?'' मी गप्प बसलो. घरी येऊन हिशेब मांडला आणि कळलं की माझ्या सगळ्या वाचनात हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

तो हिशेब तुमच्यासमोर मांडतो. अकरा महिने गर्भ, पुढे चार वर्षं वाढ. म्हणजे वळू दाखवल्यापासून जवळजवळ पाच वर्षं. एवढ्या काळात शेतकऱ्याच्या हातात काही नाही. उलट गाईचा गोऱ्हा तीन वर्षांत औताला येतो. आणि बैल विकला नाही तरी घरात कामाला आहे. लष्कराने नापसंत केलेल्या उंच घोड्याचं शेतकऱ्याने काय करायचं? त्याच्या कामाला सव्वाचार फुटांचं तट्टू पुरतं. बाजाराला जायचं, दोन पोती लादायची, पाहुण्यांकडे जायचं. उंच घोडा जास्त खातो, आजारी लवकर पडतो. आणि दुष्काळ? १८७६-७७ चा दुष्काळ घ्या, १८९९-१९०० चा घ्या. माणसाला ज्वारी नाही तिथे घोड्याला हरभरा कुठला? अशा वर्षी जी घोडी विकली गेली, ती उदासीनतेमुळे विकली गेली नव्हती.

आता जरा दूर जाऊ. त्याच काळात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही वळू होते. तिथे वळूचा मालक वर्तमानपत्रात जाहिरात देई. अमुक घोडा, अमुक बापाचा, या हंगामात अमुक गावांवरून जाईल, एका घोडीचे इतके पैसे. मग एक माणूस तो वळू घेऊन शेताशेतांवरून फिरे. लक्षात घ्या, तिथे पैसे मोजावे लागत, आणि शेतकरी मोजत. आपल्याकडे फुकट, आणि शेतकरी येत नाही. तिथला शेतकरी हुशार आणि इथला अडाणी, असं म्हणायचं का? नाही. तिथला नांगर घोडा ओढत होता. क्लाइड्सडेलसारख्या जड जातीच्या वळूपासून झालेलं शिंगरू विकलं नाही तरी त्याच्याच शेतात राबणार होतं. इथे आपल्या काळ्या जमिनीत नांगर बैलांचा. कापूस बैलगाडीने जाणार, नाहीतर लमाणांच्या तांड्याने. घोडा औताच्या बाहेर. म्हणजे त्याला गिऱ्हाईक एकच, लष्कर. आणि एकच गिऱ्हाईक असलेल्या मालाचं काय होतं ते आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

त्या गिऱ्हाइकानेही पाठ फिरवली. ऑस्ट्रेलियातून जहाजं भरून घोडे येऊ लागले. न्यू साउथ वेल्समधले म्हणून त्यांना 'वेलर' म्हणत. खांद्याशी पाच फूट उंच. तोफखान्याला, गोऱ्या घोडदळाला तेच पसंत पडले. पुढे पंजाबात कालव्यांच्या वसाहतींत सरकारने घोडी पाळण्याच्या अटीवर जमिनी दिल्या. पाहा, जिथे खरोखर शिंगरं हवी होती तिथे सरकारला पाण्याखालची जमीन द्यावी लागली. नुसता फुकट वळू पुरला नाही. म्हणजे आमच्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा हिशेब शेवटी सरकारलाही पटला होता, म्हणायचं. फक्त पंजाबात.

आणि वळू तरी कसे? उंच नॉरफोक ट्रॉटर इथल्या बुटक्या घोडीला लावला की शिंगरू लांब पायांचं, बेढब होतं, अशी तक्रार खुद्द त्या काळच्या लष्करी आणि पशुवैद्यकीय वर्तुळांत होती. वळू हा निम्माच असतो. उरलेली निम्मी घोडी, आणि तिच्यामागे तिचं कुरण, तिचा मालक, त्याचं घर. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की एखादी वस्तू समजून घ्यायची तर ती कशासाठी आहे हे विचारा. सरकारने घोड्याबद्दल हा प्रश्न विचारला, पण त्याचं उत्तर आपल्या कामापुरतंच धरलं. शेतकऱ्याच्या घोडीला शेतकऱ्याचंही एक 'कशासाठी' होतं, ते मोजमापाच्या पट्टीत बसलं नाही. पट्टीत बसलं नाही म्हणून त्याला अडाणीपणा म्हटलं गेलं.

या सगळ्यात चांगलं काही झालंच नाही असं मी म्हणत नाही. १८८६ मध्ये परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. शालिहोत्रावरून आलेला आपला साळोत्री हा जुना शब्द घेऊन नवी विद्या खेड्यापर्यंत आली. कितीतरी जनावरं त्यामुळे वाचली. हे मान्यच केलं पाहिजे.

पण ती पट्टी गेली नाही. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत बंद झाली, पुढे घोडदळाच्या जागी रणगाडे आले. घोड्यांचा प्रश्न संपला, तसा तो गोवंशाकडे आला. १९३३ मध्ये मुंबई इलाख्यात पशुधन सुधारणेचा कायदा झाला. ज्या भागात तो लागू, तिथे परवाना नसलेला वळू बडवून टाकायचा अधिकार सरकारला. नंतर जर्सी आली, होल्स्टीन आली. दूध वाढलं, हे खरंच आहे. पण आपली लाल कंधारी, जी या कोरड्या मुलखात कमी चाऱ्यावर राहते आणि जिचा बैल उन्हात दिवसभर औत ओढतो, ती 'कमी दुधाची' ठरली. ती दुधासाठी नव्हतीच मुळी.

गेल्या काही वर्षांत वारं थोडं फिरलंय. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आनंद आहे. पण नोंद झाली म्हणजे जात जगली असं नाही. ती जगते ती कुणीतरी तिला खाऊ घालतं म्हणून.

मार्गशीर्षात शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार अवश्य बघा. सौदा कसा होतो ते पाहा. घेणारा दात बघतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो. पण विकणाराही घेणाऱ्याला न्याहाळत असतो. दाणा किती घालशील, काम काय घेशील, विचारतो. माझ्या मते सरकारी तपासणीत हेच राहून गेलं होतं. घोडी तपासली, शेतकऱ्याला मात्र काही विचारलं नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या घोडीची आठवण असेल, तर ती लिहून ठेवा. तिचं नाव, रंग, ती काय खायची, कुठल्या बाजारातून आणली, कोणत्या साली विकली आणि का विकली. सरकारी दफ्तरात वळूंची नोंद सापडते. या घोड्यांची नोंद तुमच्याकडेच आहे.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने विचारा, मला हल्ली कमी ऐकू येतं.