माळवद

आमच्या नांदेडच्या जुन्या घराला माळवद होतं. उन्हाळ्यात खाली गारवा, रात्री वर अंथरुणं. पावसाळ्यात गळायला लागलं की आजोबा वरून मातीचा आणखी एक थर टाकायचे. या थरांचं वजन किती झालं असेल, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर परिसर हादरला. लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत जवळपास ८ हजार माणसं गेली. १९९२ मध्ये किल्लारीला धक्के बसले होते, पण दख्खनचं पठार स्थिर असाच सगळ्यांचा समज. आणि माणसं मारली ती नुसत्या भूकंपाने नाही, तर मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि वरच्या ओझ्याने.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने शासनाने ५२ गावं नव्या जागी वसवली. त्याची चर्चा खूप झाली. मला मोठं वाटतं ते दुसरं काम. बाकी गावांत लोकांनी आपापली घरं जागेवरच मजबूत केली. भिंतीत आरपार जोडदगड घालायचे, माळवदाचं ओझं कमी करायचं. हे समजावायला गावोगावी बायकाच 'संवाद सहायक' झाल्या.

आमच्याकडे कुणी आलं नव्हतं. तरी त्या दिवाळीआधी आजोबांनी गडी लावून माळवदावरची निम्मी माती उतरवली. नंतरचे उन्हाळे घरात फार तापले. आजी मात्र एकदाही कुरकुरली नाही.