कापसाचा हंगाम आणि मजुराचे वर्ष : दिग्रस परिसरातील रोजगाराचा इतिहास

वऱ्हाडातील कापसाचा इतिहास बहुधा भाव, रेल्वे आणि बाजारपेठ यांच्या आधारे सांगितला जातो. त्याच कापसावर उपजीविका करणाऱ्या मजुराचे वर्ष कसे सरत असे, हा प्रश्न त्यात मागे पडतो. दारव्हा-पुसद मार्गावरील दिग्रस ही वऱ्हाडच्या दक्षिण भागातील कापसाची एक पेठ होय. अशा पेठेच्या कडेने वसलेल्या मजूरवस्तीचा विचार करता एक गोष्ट ध्यानात येते. कापसाचा हंगाम काही महिन्यांचा, पोट मात्र बारा महिन्यांचे. आणि या दोहोंतील अंतर भरून काढण्याचा भार दीर्घकाळ एकट्या मजुरावरच राहिला.

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे येथील कापसाला मँचेस्टरची मागणी आली व १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे झाली, तेव्हा कारंजा व दारव्हा ही गावे मुख्य लोहमार्गाशी जोडली गेली. या घडामोडींबरोबर वाफेवर चालणारे जीन आले. पूर्वी घरोघरी हातचरकीवर सरकी काढण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. ते काम घरातून उठून कारखान्यात गेले व त्यामागोमाग स्त्रियाही मजूर म्हणून जीनच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होई आणि जीनची धग चैत्रापर्यंत टिके. काम मिळे ते मुकादमाच्या ओळखीने, आणि तेही रोजंदारीवर. बाया कापूस उन्हात पसरीत, कवडी व कचरा निवडीत आणि यंत्रांना कापूस पुरवीत. पुरुष बोजे वाहत व दाबयंत्रावर ३९२ पौंडांच्या गाठी बांधीत. रुईचा बारीक तंतू दिवसभर श्वासावाटे छातीत जाई. गाड्यांची रांग लागली की कामाचे तास लांबत. आवक थांबली की रोजही थांबे.

या हंगामीपणाकडे कायद्याने कोणत्या दृष्टीने पाहिले, हे उद्बोधक आहे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यातून वर्षातील चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळलेले होते. १९०८ च्या कारखाना-मजूर आयोगाला जिनांतील कामाचे तास अवाजवी लांब असल्याचे आढळले आणि १९११ च्या कायद्याने असे कारखाने नियमनाच्या कक्षेत आले. तरीही भेद संपला नाही. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास ठरविले, तर हंगामी कारखान्यांत ६० तासांची मुभा ठेवली. हा भेद १९४८ च्या कायद्याने दूर केला. म्हणजे हंगाम थोडा म्हणून मालकास सवलत मिळाली. पण हंगाम थोडा म्हणून मजुराच्या रिकाम्या महिन्यांची तरतूद व्हावी, हा विचार त्या कायद्यांत कोठेही नव्हता.

ते महिने मजूर आपल्या परीने निभावून नेत असे. पावसाळ्यात निंदण, हिवाळ्याच्या अखेरीस हरभरा-गव्हाची सोंगणी, उन्हाळ्यात रानातील मोहफुले व तेंदूची पाने, अशी कामांची साखळी तो जुळवी. कोणी सालदार म्हणून वर्षभरासाठी शेतकऱ्याकडे बांधला जाई. त्याला कामाची शाश्वती मिळे, पण घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नसे. उरलेली तूट वाण्याच्या उधारीवर भागे व पुढच्या हंगामाची मजुरी मागच्या उधारीत वळती होई. ज्येष्ठ-आषाढात, जीन बंद आणि शेतात अद्याप निंदण नाही, अशा वेळी ही साखळी तुटे.

याउलट मालाच्या व्यवहाराची व्यवस्था फार लवकर लागली. नियंत्रित कापूस बाजाराचा देशातील पहिला प्रयोग जवळच्या कारंज्यास १८८६ साली झाला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजनेने उत्पादकाच्या भावाचा प्रश्न हाती घेतला. हमालांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा मात्र १९६९ चा. कापसाच्या वजनाला कायद्याचे संरक्षण मिळाल्यानंतर ते वजन वाहणाऱ्या पाठीपर्यंत कायदा पोहोचण्यास सात दशके लागली.

रिकाम्या महिन्यांचा प्रश्न प्रथम स्वीकारला तो रोजगार हमीने. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या या योजनेला १९७७ च्या अधिनियमाने हक्काचे स्वरूप आले व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या पहिल्या टप्प्यात यवतमाळ जिल्ह्याचा समावेश होता. तथापि त्या कायद्यातील १०० दिवसांची हमी ग्रामीण कुटुंबांपुरतीच होती. दिग्रस हे नगरपरिषदेचे गाव. त्याच्या हद्दीतील मजूर शेतात राबत असला तरी कागदोपत्री नागरी ठरे आणि केंद्रीय हमीबाहेर राही.

वऱ्हाडच्या सुबत्तेचे मोजमाप गाठींच्या संख्येवरून करण्याची प्रथा जुनी आहे. त्या गाठी ज्यांच्या हातांखालून गेल्या, त्यांच्या स्थितीचे मोजमाप करावयाचे तर जीन चालू असतानाचा रोज पाहून भागणार नाही; जीन बंद पडल्यावर चूल कशावर पेटे, हे पाहावे लागेल. दिग्रससारख्या पेठांचा सामाजिक इतिहास या दुसऱ्या मापाने अजून लिहिला जावयाचा आहे.