राईनपाडा विसरू नका

इंटरनेटवर मुलं सुरक्षित कशी राहतील, असा विषय निघाला की मला आपल्या धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवतं. १ जुलै २०१८, साक्री तालुका, बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावानं ठार मारलं. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरलेली. त्या वर्षी देशभर फिरलेला अपहरणाचा एक व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या फिल्ममधून कापलेला तुकडा होता! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डवर पाचची मर्यादा आणली. पण त्या आधीच पाच घरं उघडी पडली होती. मुलांच्या काळजीपोटीच लोकांनी ते मेसेज पुढे ढकलले ना? मग वाचलं कोण, सांगा बरं! शंका आली तर फॉरवर्ड नको, भाऊ. १०९८ ला फोन करा.